कोकणच्या पावसात टिकणारे गादीवाफे: कडेला चिरा, लाकूड की पत्रा?

पाणंद

राजापूर तालुक्यातील आमच्या घरामागे भाजीपाल्यासाठी चार कायमस्वरूपी गादीवाफे बांधायचे आहेत. त्यांच्या कडांसाठी कोणते साहित्य निवडावे, याबद्दल येथील जाणकारांचे मत हवे आहे. जागा अशी आहे की वर जेमतेम वीतभर जांभी माती आहे आणि खाली कातळ. पाऊस तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पडतो आणि त्यातला जवळजवळ सगळा मृगापासून हस्तापर्यंतच्या चार महिन्यांत येतो. उघड्या मातीचे उंच वाफे आम्ही दरवर्षी करतो. जूनमध्ये ते नीटस दिसतात, पण जुलैच्या मध्यापर्यंत कडा ढासळतात, वरची सुपीक माती पाणंदीत वाहून जाते आणि सपाट झालेल्या वाफ्यात भेंडी आणि मिरचीची मुळे पाण्यात कुजतात. पडवळ आणि दोडका मांडवावर असल्याने तग धरतात, अळूला तर पाणी हवेच असते. प्रश्न बाकीच्या भाज्यांचा आहे.

माझ्या अपेक्षा चार आहेत. साहित्यातून मातीत असे काहीही उतरू नये जे पुढे ताटात येईल. कडा किमान दहा पावसाळे टिकावी. ती बिघडली तर गावातल्या गवंड्याला किंवा सुताराला दुरुस्त करता यावी. आणि आईला आता फार वाकवत नाही, त्यामुळे तिला कडेवर बसून निंदणी करता आली तर फार बरे होईल.

समाजमाध्यमांवर अशा वाफ्यांची छायाचित्रे पुष्कळ दिसतात, परंतु ती बहुधा कोरड्या किंवा थंड प्रदेशांतील असतात. तेथे जे दहा वर्षे टिकते ते आमच्याकडे दोन वर्षांत संपू शकते. म्हणून ज्यांनी कोकणात, गोव्यात किंवा घाटमाथ्यावर काम केले आहे त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

चिरेबंदी

मी बांधकाम क्षेत्रात आहे आणि माझे बहुतेक काम रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत असते. आपण वर्णन केलेल्या जागेसाठी माझे उत्तर जांभ्याचा चिरा, म्हणजे जांभा दगडाचा खाणीत कापलेला ठोकळा, हेच आहे. मात्र कोणताही चिरा आणि कसाही रचलेला, असा त्याचा अर्थ नाही.

खाणीतून नुकताच काढलेला चिरा ओलसर आणि तुलनेने मऊ असतो. उघड्या हवेत राहिल्यावर त्यातील लोहाची संयुगे घट्ट होतात आणि दगड कठीण होत जातो. म्हणून ताजा चिरा थेट पावसात लावण्याऐवजी निदान दोन-तीन महिने उन्हावाऱ्यात राहू द्यावा. खाणीच्या वरच्या थरांतील दगड सहसा अधिक कठीण असतो. जसजसे खाली जावे तसतसे त्यात पांढरट-पिवळसर चिकणमातीचे पुंजके वाढत जातात. हे पुंजकेच पावसाळ्यात घात करतात. अशा चिऱ्यावर पागोळ्यांचे पाणी दोन-तीन पावसाळे पडले की पुंजक्यातील माती निघून जाते, बोट आत जाईल एवढी भोके दिसू लागतात, त्यांत शेवाळ धरते आणि मग कोपरे हाताने खरवडले तरी भुगा पडतो. निवड करताना गडद तांबूस-तपकिरी रंगाचा, कमी पुंजक्यांचा आणि हातोडीने ठोकल्यावर बद्द आवाज न करता खणखणीत वाजणारा चिरा घ्यावा. जांभ्याच्या चिऱ्यांसाठी भारतीय मानक आहे, आयएस ३६२०. त्यात चिऱ्याने शोषायच्या पाण्याला वजनाच्या १२ टक्क्यांची मर्यादा घातली आहे. खाणीवर कोणी आपल्याला प्रयोगशाळेचा अहवाल देणार नाही, परंतु एक कोरडा चिरा वजन करून दिवसभर पाण्यात बुडवून ठेवला आणि पुन्हा वजन केले तर चांगला-वाईट माल घरच्या घरी ओळखता येतो.

आता मापांकडे येतो. आमच्याकडे मिळणारा चिरा साधारण १४ इंच लांब, ९ इंच रुंद आणि ७ इंच उंच असतो, खाणीगणिक थोडा फरक पडतो. वजन तीस किलोंच्या आसपास भरते. वाफ्याची आतील रुंदी ३ फूट आणि लांबी १० फूट धरली तर एका थराला सुमारे २५ चिरे लागतात. तीन थर घेतले आणि खालच्या थरातील चार इंच जमिनीत बसवले तर वर १७ इंच राहतात. ही उंची खुर्चीएवढी होते आणि ९ इंच रुंदीची कड बसायला पुरते, म्हणजे आपल्या आईंची सोय त्यातच होते. पुष्कळ लोक आतील रुंदी चार फूट ठेवतात. पातळ फळीच्या कडेसाठी ते ठीक आहे, पण चिऱ्याची कड स्वतःच पाऊण फूट जागा घेते आणि तेवढा हात कमी पोहोचतो. दोन्ही बाजूंनी मध्यापर्यंत हात जायचा असेल तर तीन फुटांपेक्षा जास्त घेऊ नये.

भिजलेल्या मातीचे वजन लक्षात घ्या. एवढ्या वाफ्यात सव्वा घनमीटरच्या आसपास माती मावते आणि ती मुसळधार पावसानंतर दोन टनांच्या घरात जाते. हा भार कडेला बाहेर ढकलतो. तीस किलोंचे चिरे सांधेमोड करून, म्हणजे वरचा चिरा खालच्या सांध्यावर येईल असे, आणि कोपऱ्यात एकमेकांत अडकवून रचले तर ते स्वतःच्या वजनावर हा दाब सहन करतात. एक इंची फळी किंवा पातळ पत्रा मात्र मध्यावर फुगतोच, त्याला खुंट द्यावे लागतात आणि मग टिकाऊपणाचा प्रश्न त्या खुंटांपाशी जाऊन थांबतो.

सातवीण

चिरेबंदी यांनी खुंटांचा मुद्दा काढला आहे, तेथूनच लाकडाबद्दल लिहितो. माझे आयुष्य वनविभागाच्या नोकरीत गेले आहे आणि लाकडाविषयी मला ममत्व आहे, तरीही या जागेसाठी मी लाकूड सुचवणार नाही. कारण मात्र नीट समजून घ्यावे.

आपल्याकडे लाकडाचा नैसर्गिक टिकाऊपणा ठरवण्याची पद्धत देहरादूनच्या वन संशोधन संस्थेने रुजवली. गाभ्याच्या लाकडाचे ५ सेंटिमीटर चौरस आणि ६० सेंटिमीटर लांब तुकडे जमिनीत पुरतात आणि वाळवी व बुरशी त्यांना किती काळात संपवतात ते पाहतात. सरासरी १२० महिने किंवा अधिक टिकले तर पहिला वर्ग, ६० ते १२० महिने टिकले तर दुसरा आणि त्याहून कमी टिकले तर तिसरा. साग आणि खैर पहिल्या वर्गात येतात. आंबा आणि सावर तिसऱ्या वर्गात येतात, आणि गावात स्वस्तात मिळणाऱ्या फळ्या बहुधा आंब्याच्याच असतात. आंब्याची फळी ओल्या मातीला लावून ठेवली तर दोन पावसाळे पुष्कळ झाले.

सागाबाबतही दोन गोष्टी विसरल्या जातात. हा टिकाऊपणा केवळ गाभ्याचा आहे. सालीलगतचे पांढरट लाकूड आंब्याइतकेच नाशवंत असते आणि कमी वयाच्या लागवडीतील सागात त्याचे प्रमाण मोठे असते. दुसरे म्हणजे, लाकडातील ओलावा २० टक्क्यांच्या खाली राहिला तर कुजवणारी बुरशी वाढत नाही. ती जोमाने वाढते ती साधारण ३० टक्क्यांच्या वर. राजापुरात जून ते ऑक्टोबर मातीला टेकलेली फळी कधीही ३० टक्क्यांच्या खाली येणार नाही, आणि त्यात उबदार हवा. बुरशीला याहून अधिक काही लागत नाही. पुरलेला खुंट बाहेर काढून पाहावा. खालचे टोक पुष्कळदा शाबूत असते, वरचा भागही शाबूत असतो, आणि जमिनीच्या पातळीवरचा चार-पाच बोटांचा पट्टा मात्र नखाने सोलता येईल इतका मऊ झालेला असतो, कारण ओल आणि हवा दोन्ही तेथेच एकत्र मिळतात.

यावर गावोगाव जो उपाय केला जातो तो जळक्या ऑइलचा. भाजीच्या वाफ्याला तो कदापि करू नये. वाहनांच्या जळक्या ऑइलमध्ये जड धातू आणि कर्करोगास कारणीभूत ठरणारी संयुगे असतात. असे ऑइल लावलेल्या खुंटाभोवती आषाढात साचलेल्या पाण्यावर जांभळट-निळसर तवंग तरंगताना दिसतो. तो तवंग मातीत जातो आणि मातीतून माठाच्या मुळांशी. रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर कोणी सुचवले तर तेही नाकारावेत, कारण ते क्रिओसोट नावाच्या डांबरी तेलात मुरवलेले असतात आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने क्रिओसोटला संभाव्य कर्करोगकारकांत धरले आहे. पाडलेल्या घराच्या तुळया सागाच्या असतील आणि त्यांवर रंग नसेल तर चालतील. जुने तैलरंग चढवलेली दारे-चौकटी मात्र नकोत, कारण त्या रंगांत शिसे असण्याची शक्यता मोठी असते.

लाकूड वापरायचेच असेल तर ते मातीवर न टेकता चिऱ्याच्या पायावर बसवावे, बाहेरून वारा लागू द्यावा आणि जेथे पाणी सर्वाधिक शोषले जाते ती फळीची कापलेली टोके झाकावीत. काजूच्या टरफलाचे तेल होड्यांच्या लाकडाला लावण्याची रीत किनाऱ्यावर जुनी आहे आणि ते बुरशी व किडीला रोखते. हातमोजे न घालता ते हाताळले तर कातडी भाजते, एवढे ध्यानात ठेवावे. मला विचाराल तर सागाची एक रुंद फळी कडेवर आसन म्हणून ठेवावी. आईंना उन्हात तापलेल्या दगडावर बसावे लागणार नाही, आणि फळी उचलून पावसाळ्यात पडवीत ठेवता येईल.

पाणंद

दोघांचेही मनापासून आभार. आसनाच्या फळीची कल्पना आईला फारच आवडली.

दोन शंका आहेत. आमच्या गवंड्याचे म्हणणे असे की चिरे सिमेंटमध्येच बांधावेत आणि आतून-बाहेरून गिलावा करावा, म्हणजे भिंत 'पक्की' होईल. चिरेबंदी, आपण नुसते रचायला सांगत आहात असे दिसते. दुसरी शंका सापांची आहे. आमच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, फुरशी आहेत आणि नुसत्या रचलेल्या गडग्याच्या फटींत ती बसतात, हे लहानपणापासून पाहत आलो आहे. आई जेथे हात घालून काम करणार तेथे फटी ठेवणे मला धोक्याचे वाटते.

चिरेबंदी

गवंड्याचे म्हणणे घराच्या भिंतीसाठी बरोबर आहे. वाफ्याच्या कडेचे काम निराळे आहे. घराची भिंत पाणी बाहेर ठेवते, वाफ्याच्या कडेला मात्र आतले पाणी बाहेर सोडावे लागते. आतून सिमेंटचा गिलावा करून ती बंद केली तर वाफ्याची टाकी होते, कारण आपल्याकडे तळालाही कातळ आहे आणि पाणी खाली मुरायला जागा नाही. पाणी साचले की मातीच्या दाबात पाण्याचा दाब मिळतो, भिंतीला उभी चीर पडते, आणि एकसंध भिंतीला पडलेली चीर दुरुस्त करणे सुटा चिरा पुन्हा बसवण्यापेक्षा अवघड असते. शिवाय जांभा सच्छिद्र आहे. आतून शोषलेली ओल बाहेरच्या गिलाव्यामागे अडकते आणि गिलावा पोपडे धरून सुटतो.

तरीही फुरशाची आपली काळजी रास्त आहे आणि ती मी हलकी लेखणार नाही. त्यावर मध्यम मार्ग असा. खालचा थर पूर्ण कोरडा रचावा आणि त्यात दर तीन-चार फुटांवर दोन चिऱ्यांमध्ये अंगठ्याएवढी फट सोडून तिच्यात आतल्या बाजूने नारळाचा काथ्या किंवा खडी घट्ट भरावी, म्हणजे पाणी जाईल आणि माती राहील. बाहेरून त्या फटीवर बारीक जाळीचा तुकडा बसवावा. वरच्या दोन थरांचे सांधे बाहेरच्या बाजूने चुना-वाळूने भरावेत. चुना सिमेंटइतका कडक होत नाही, ओल त्यातून बाहेर पडू शकते आणि वेळ पडल्यास चिरा न तुटता निघतो. वाफ्याभोवती दोन फूट जागा स्वच्छ ठेवली, तेथे पालापाचोळा आणि दगडांचे ढीग होऊ दिले नाहीत, तर फुरशाला लपायला जागाच उरत नाही.

तळाबद्दलही लिहितो, कारण येथे एक समज फार पसरला आहे. वाफ्याच्या तळाशी खडीचा थर घातला की निचरा सुधारतो असे सर्रास सांगितले जाते. प्रत्यक्षात बारीक मातीतील पाणी ती पूर्ण भिजेपर्यंत खालच्या मोठ्या पोकळ्यांत उतरत नाही. खडीमुळे मातीची खोली कमी होते आणि चिंब राहणारा पट्टा मुळांच्या जवळ येतो. तळाला मातीच असावी, कातळाला दोन-तीन इंचांचा उतार असावा आणि उताराच्या बाजूला पाणी जायला वाट असावी. कातळ उलट्या उताराचा असेल तर सुतकीने थोडा फोडून घ्यावा.

रानजाई

मी गोव्यात बार्देश तालुक्यात राहते. चिऱ्याला माझा पाठिंबा आहे, पण त्याला अमर मानू नये म्हणून एक उदाहरण देते. जुन्या गोव्यातील बॉम जीझस बॅसिलिकेचे बांधकाम १५९४ साली सुरू झाले आणि १६०५ साली ती पूर्ण झाली. तिच्या जांभ्याच्या भिंतींवर पूर्वी गिलावा होता. १९५० च्या दशकात तो काढून टाकण्यात आला आणि तेव्हापासून उघडा पडलेला दगड पावसाने झिजत असल्याची काळजी येथे वारंवार व्यक्त होते. वाफ्याच्या कडेला शतके टिकायचे नाही हे खरे, परंतु पागोळ्यांची धार थेट चिऱ्यावर पडणार असेल तर वाफा कौलांपासून दूर घ्यावा, हा धडा त्यातून घेता येतो. धारेने दगड झिजतो आणि भाजीवर चिखल उडतो, दोन्ही टळेल.

आता आपल्याकडे जे आयते हाताशी असते त्याविषयी. माडाचे पडलेले खोड कडेला आडवे टाकण्याची कल्पना पुष्कळांना सुचते, कारण ते फुकट मिळते आणि दिसायलाही छान दिसते. ज्यांच्या आवारात माड आहेत त्यांनी हे करू नये. माडाच्या खोडाचा बाहेरचा भाग कठीण असला तरी आतला गर दोन पावसांत कुजतो आणि कुजलेल्या खोडात गेंड्या भुंगा अंडी घालतो. त्याच्या जाड, पांढऱ्या, वाकड्या अळ्या तेथेच वाढतात आणि मोठा झालेला भुंगा जाऊन उभ्या माडाचा कोवळा कोंब पोखरतो. वाफ्यात शेणखत असतेच, त्यामुळे त्या अळ्यांसाठी ती जागा दुप्पट सोयीची होते. चार भेंड्यांसाठी वीस वर्षांचा माड गमावणे परवडणारे नाही. पोफळीच्या खोडाच्या फाट्या मांडवाला उत्तम, पण मातीला टेकल्या की त्याही टिकत नाहीत.

बांबूचेही असेच आहे. प्रक्रिया न केलेला बांबू जमिनीत पुरला की एक-दोन वर्षांत जातो. बोरिक ॲसिड आणि बोरॅक्सची प्रक्रिया भुंग्यापासून चांगले संरक्षण देते, मात्र हे क्षार पाण्यात विरघळतात आणि आपल्या पावसात धुऊन जातात. ती प्रक्रिया छपराखालच्या बांबूसाठी आहे. म्हणून बांबू माणगा जातीचा असो की चिवारी, तो मांडवासाठी ठेवावा. वाहत्या पाण्यात बुडवून मग वाळवलेला बांबू मांडवाला अधिक टिकतो, ही जुनी रीत आजही उपयोगी आहे.

एक पर्याय कोणी मांडला नाही, तो म्हणजे जिवंत कड. माती पुरेशी खोल असेल तर वाफ्याच्या बाहेरून वाळ्याची दाट ओळ लावावी. वाळ्याची मुळे आडवी न पसरता सरळ खाली दोन-तीन मीटर जातात, त्यामुळे ती भाजीशी फारशी स्पर्धा करत नाहीत आणि माती घट्ट धरतात. पाणंद यांच्या जागेत कातळ वर असल्याने तो घराजवळ चालणार नाही, परंतु ज्या पाणंदीत माती वाहून जाते असे त्यांनी लिहिले आहे तिच्या तोंडाशी वाळा लावला तर वाहून जाणारी माती तेथेच अडेल. तेथे गवती चहासुद्धा चालेल.

दूरदेशी

मी बरीच वर्षे अमेरिकेत सिअॅटलजवळ राहतो आणि आमच्याकडेही 'ओल्या' बागा म्हणतात, म्हणून दोन गोष्टी स्पष्ट करतो. येथे वर्षभरात साधारण हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक हिवाळ्यात, रिमझिम आणि थंड. उन्हाळा कोरडा असतो आणि लाकूड दरवर्षी वाळून निघते. येथील लाल सीडरच्या फळ्या मातीला लागून दहा वर्षे टिकतात त्यामागे लाकडाच्या गुणाइतकाच या हवामानाचाही हात आहे. राजापूरला याच फळ्या नेल्या तर त्या तितक्या टिकतील असे मानू नये. मुळांशी ऊब असेल आणि वाळवी वर्षभर जागी असेल तर येथील याद्यांचा उपयोग नाही.

दुसरे म्हणजे, हिरवट छटेच्या 'प्रक्रिया केलेल्या' लाकडाविषयी विचारपूस केल्याशिवाय ते घेऊ नये. तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांच्या मिश्रणाने प्रक्रिया केलेले लाकूड येथे पूर्वी घराघरात वापरले जाई. ३१ डिसेंबर २००३ नंतर उत्पादकांनी निवासी वापरासाठी त्याचे उत्पादन थांबवले, कारण आर्सेनिक मातीत उतरते. नंतरची मिश्रणे तांब्यावर आधारलेली आहेत. भारतात घेताना कोणत्या मिश्रणाची प्रक्रिया आहे हे विक्रेत्याला सांगता आले नाही तर ते लाकूड कुंपणाला वापरावे, भाजीला नाही.

वाळूतट

माझी वाडी वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यालगत आहे. येथे पत्र्याच्या वाफ्यांची जाहिरात जोरात आहे, म्हणून पत्र्याचा हिशेब मांडतो.

जस्ताचा थर दिलेल्या पत्र्यात चांगल्या प्रतीला दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला २७५ ग्रॅम जस्त असते. म्हणजे एका बाजूला थर साधारण २० मायक्रॉनचा. समुद्राच्या खाऱ्या हवेत जस्ताची झीज आंतरराष्ट्रीय मानकांनुसार वर्षाला चार ते आठ मायक्रॉन धरली जाते. भागाकार केला तर अडीच ते पाच वर्षे निघतात. दुकानात मिळणारे स्वस्त पत्रे पुष्कळदा १२० ग्रॅमचे किंवा त्याहून कमी असतात. झीज कापलेल्या कडेपासून सुरू होते. आधी पांढरी भुकटी धरते, मग तिच्याखालून तांबूस रेघ उतरू लागते आणि जमिनीशी पत्रा कागदासारखा मऊ होतो. समुद्रापासून दूर, राजापूरच्या आतल्या भागात तो अधिक टिकेल यात शंका नाही, परंतु आम्लधर्मी जांभी माती जस्ताला सौम्य नाही. उतरणारे जस्त माणसाला धोक्याच्या प्रमाणात नसते, त्यामुळे आरोग्याच्या कारणाने मी पत्र्याला नाकारत नाही. नाकारतो ते धारदार कडेमुळे आणि एप्रिल-मे महिन्यांतील तापण्यामुळे. पत्र्यालगतची वीतभर माती दुपारी इतकी तापते की तेथे रोप धरत नाही.

सिमेंटचे जुने नालीदार पत्रे कोणी उभे लावण्याचा विचार करत असेल तर कृपया थांबावे. त्यांत ॲसबेस्टॉस असते. कापताना आणि फुटताना त्याचे तंतू हवेत उडतात आणि ते कर्करोगकारक आहेत याबद्दल वैद्यकशास्त्रात मतभेद नाही. जुने टायरही नकोत, त्यांच्या पोकळीत पाणी साचते आणि डेंग्यूचा डास नेमका अशाच ठिकाणी वाढतो.

आमच्या वाडीत चिरा सहज मिळत नाही, वाहतूक महाग पडते. म्हणून मी फेरोसिमेंटचे वाफे केले आहेत. वेल्डमेशवर कोंबडीजाळीचे दोन पदर, एकास दोन सिमेंट-वाळू, पाणी कमीत कमी, जाडी एक इंच. पंधरा दिवस गोणपाट भिजवून ठेवणे हे यातले निम्मे काम आहे, आणि तेच गवंडी टाळतात. जाळीवर सिमेंटचे आवरण सर्वत्र पाव इंच तरी बसले पाहिजे, नाहीतर खारी हवा जाळीपर्यंत पोहोचते. कडेच्या तळाशी निचऱ्यासाठी भोके ओतकामातच ठेवावी लागतात. सिमेंटमधून सुरुवातीला चुना उतरतो, पण आपली माती आम्लधर्मी असल्याने तो भाजीला उपकारकच ठरतो.

पाणंद

सर्वांनी एवढ्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल ऋणी आहे. ठरले ते असे. तीन वाफे चिऱ्याचे करणार, खालचा थर कोरडा आणि वरचे सांधे चुन्याचे. वाफ्यांची जागा कौलांच्या पागोळ्यांपासून पाच फूट पुढे सरकवली आहे. पाणंदीच्या तोंडाशी वाळा लावणार. चौथा वाफा विहिरीच्या बाजूला आहे, तेथे चिऱ्याच्या रुंदीला जागा पुरत नाही आणि घराच्या जुन्या जमिनीच्या शहाबादी फरश्या काढून ठेवलेल्या आहेत. त्या उभ्या लावल्या तर चालतील का? आणि चिरे कधी मागवावेत?

चिरेबंदी

शहाबादी चालेल. फरशी दीड इंचाची असेल तर उत्तम, इंचाहून पातळ असेल तर नको. उभी लावताना तिचा एक तृतीयांश भाग जमिनीत गेला पाहिजे. विहिरीकडे माती खोल असेल तरच हे जमेल, कातळावर फरशी उभी राहणार नाही. शहाबादी हा थरांचा चुनखडक आहे. कड पाहून ज्या फरशीत थर सुटलेले दिसतात ती बाजूला काढावी, कारण त्या फटीत ओल शिरून पापुद्रे निघत जातात. दोन फरश्यांमध्ये बोटभर अंतर ठेवून मागून फुटकी कौले लावावीत, निचरा तेथून होईल. त्या वाफ्याची उंची एक फुटापेक्षा जास्त घेऊ नये.

चिरे आताच मागवा. पावसाळ्यात खाणींत पाणी भरते आणि काम बंद होते, त्यामुळे मे महिन्यात सगळ्यांचीच घाई उडते आणि तेव्हा खालच्या थरातला मऊ माल गळ्यात पडतो. तीन वाफ्यांना २२५ चिरे लागतील, वाहतुकीत फुटणारे धरून अडीचशे सांगा. गाडी रिकामी होताना स्वतः उभे राहून पुंजक्यांचे चिरे वेगळे काढा, ते पायवाटेच्या भरावाला उपयोगी पडतील. बांधकामापूर्वी चिरे रचून ठेवताना एकावर एक सलग थप्पी न करता वारा खेळेल अशा फटी ठेवा. बांधकाम मेच्या मध्यापर्यंत उरकले की माती आणि शेणखत भरून वर वीतभर पातेरा, म्हणजे सुका पालापाचोळा, पसरा. उघड्या मातीवर मृगाची पहिली सर पडली तर वरचा थर दगडासारखा बसतो. पातेऱ्याखाली तो भुसभुशीत राहतो. माती पहिल्या पावसात बसून दोन-तीन इंच खाली जाईल, तेवढी जास्तीची माती आणि शेणखत बाजूला झाकून ठेवा आणि आषाढाच्या पहिल्या उघडिपीला वर घाला.